चार बोटांचा पंजा

"हुसेन, बोल रे! गप ऱ्हाऊ नको!"

द्रौपदीआक्का भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी पाइपाला तोंड लावून ओरडत होती. एरवी त्या पाइपातून होड्यांसाठी बर्फाचा चुरा पडायचा. त्या दिवशी त्यातून हुसेनचाचाचा आवाज आला.

"काय बोलू गो? तीस वर्सं तूच बोलतेस, मी ऐकतोय."

मग खोकला. पाइपातून येणारा खोकला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. तो लांबून येतो आणि संपला असं वाटलं की पुन्हा सुरू होतो.

आक्का उजवा हात पाइपावर आपटत होती. त्या हाताची तर्जनी मुळापासून नव्हती. ती तिथल्याच बर्फ फोडायच्या मशीनने फार पूर्वी नेली होती.

मी वीस पावलांवर होतो. बर्फ कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, पत्र्याच्या शेडखाली, जेवणाच्या डब्याएवढ्या एका राखाडी डबीसमोर. हातात फोन. फोनवर अक्षरं: 'ओळख पटली नाही. उरलेले प्रयत्न: तीन.'

ती डबी मी बनवली होती. निदान तिच्या माहितीपत्रकावर तिच्याशेजारी हसणारा माणूस मी होतो.

मोरखाडी बंदरातला हा कारखाना अमोनियावर चालायचा. बर्फ अमोनियावर बनतो हे मला पुण्यात माहीत होतं. समुद्र खारट असतो हे माहीत असतं, तसं. नाकातोंडात गेल्यावर माहितीचा दर्जा बदलतो. सकाळी साडेदहाच्या सुमारास मशीनघरातल्या एका जुन्या पाइपाचा जोड फुटला, फुस्स असा आवाज सुरू झाला आणि मिनिटभरात सगळे कामगार जेट्टीच्या टोकाला पोचले. इतक्या वेगाने ते पगाराच्या दिवशीही धावत नसावेत. हुसेनचाचा मात्र मशीनघरातच होता. तीस वर्षं तो कॉम्प्रेसर चालवत होता. बाहेरचं दार गळतीच्या पलीकडे पडलं, म्हणून तो मागच्या बर्फखोलीत शिरला आणि दार ओढून घेतलं. त्या खोलीला दुसरं दार नाही, फक्त चुऱ्याचा हा पाइप. त्यातून बर्फ येऊ शकतो. माणूस नाही. गॅसपासून वाचायचा मुखवटा नियमाप्रमाणे मशीनघरातच होता, फुटलेल्या जोडाच्या बरोबर वरच्या खुंटीवर.

"दाराचं रबर गेलेलं हाय," पाइपातून आवाज आला. "फटीतून येतोय वास. बनियन भिजवून कोंबलंय."

"अंगावर काय हाय मग?" आक्काने विचारलं.

"आता अंगावर काय असणार? थंडी हाय."

ती हसली नाही. मी पण नाही.

गॅस थांबवायचा एकच मार्ग होता: माझ्यासमोरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं. तो बंद झाला की फुटलेल्या पाइपाकडे अमोनिया जाणारच नव्हता. आणि तो व्हॉल्व्ह आता फक्त डबीचं ऐकायचा. लाइट गेली तरी तो होता तिथेच राहायचा, कारण मोरखाडीत लाइट दिवसातून चारदा जायची. आणि डबी फक्त आमच्या पुण्याच्या सर्व्हरचं ऐकायची, तेही आधी स्वतःची ओळख पटवून दिल्यावर.

दोन खलाशी धीर करून घण घेऊन आले होते. व्हॉल्व्हच्या मोटरीवर आम्ही पोलादी टोप बसवला होता. तीन घाव घातल्यावर टोपाला एक पोचा आला. मग वारा फिरला, ते घण टाकून गेले. तोंडचं पाणी पळणं याचा वाक्यात उपयोग शाळेत शिकलो होतो. तोंडावर ओला टॉवेल बांधलेला असूनही तो उपयोग होतो, हे शिकवलं नव्हतं.

"ओ डबीवाले!" आक्का ओरडली. तिने मला नावाने कधी हाक मारली नाही. "या व्हॉल्व्हाला चाक व्हतं. हातानं फिरवायचं. हुसेन रोज फिरवायचा. ते कुठं गेलं?"

"ऑफिसात असेल," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. ऑफिस पुण्यात होतं.

फोन वाजला. केतकी मॅडम. आमच्या आठ जणांच्या कंपनीच्या मालक, आणि डबीतलं गणित ज्यांना पूर्ण कळायचं अशा एकमेव व्यक्ती.

"मी इथे आकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "एकशे अठ्ठावीस उत्तरांपैकी एक्केचाळीस चुकतायत. बारापर्यंत चालतं. एक्केचाळीस म्हणजे ही आपली डबीच नाही."

"मॅडम, मी तिच्यासमोर उभा आहे. आपलीच आहे. माझा स्टिकर आहे तिच्यावर."

"स्टिकर कोणीही लावेल. म्हणून तर डबी बनवली ना आपण?"

तेही खरं. आमच्या डबीची सगळी ऐट तीच होती. तिच्यात किल्ली साठवलेलीच नसायची, त्यामुळे चोरणार काय? झाकणाच्या आतून केसाहून बारीक तारांचा एक पापुद्रा असायचा. एकाच रिळातून दोन पापुद्रे कापले तरी एकसारखे निघायचे नाहीत. कुठे तार जाड, कुठे बारीक, कुठे जराशी वाकडी. सर्व्हर विचारायचा, 'तू कोण?' आणि डबी स्वतःच्या अंगावरच्या या वाकडेपणावरून उत्तरं द्यायची. दुसरी तशी डबी कोणाला बनवता येत नाही, आम्हालासुद्धा. थोडक्यात, आमची कंपनी स्वतःच्या चुका विकायची. कोणी झाकणाला भोक पाडलं, खरवडलं, की आकडे बदलायचे आणि डबी म्हणायची, मी ती नव्हेच.

पाचदा ओळख पटली नाही की ती स्वतःला विसरायची. कायमची. माहितीपत्रकात हे वाक्य ठळक अक्षरांत होतं. माझंच होतं ते. 'पाच चुका, आणि चोराच्या हाती फक्त प्लॅस्टिक!' उद्गारचिन्हासकट.

"बंद करून चालू कर," मॅडम म्हणाल्या. "मग एकदाच प्रयत्न कर."

मी तसं केलं. 

'ओळख पटली नाही. उरलेले प्रयत्न: दोन.'

"एक्केचाळीस," मॅडम म्हणाल्या.

"हुसेन!" तिकडे आक्का. "झोपू नको रे! परवाच्या जेवणाचं सांग. काय केलं व्हतं घरात?"

"सरंगा," पाइपातून आलं. बऱ्याच वेळाने. "तुला... दिला नाय."

"ठाव हाय! वास आला व्हता!"

वारा पुन्हा फिरला. नाकात कोणीतरी तापलेली सळई घालावी तसं झालं. डोळे आपोआप मिटले, घसा आवळला, आणि अंगातल्या प्रत्येक अवयवाने एकमताने ठराव केला की आता निघावं. माझी गाडी फाटकाबाहेर होती. किल्ली खिशात होती. मी खिशात हात घातला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी फाटकाकडे सात पावलं चाललो. मोजली होती. भीती वाटली की मी मोजतो.

आठव्या पावलाला आक्का आडवी आली. पाइप सोडून ती माझ्याकडेच येत होती. पदर ओला करून तोंडावर घेतलेला, डोळे लालबुंद.

"तूच केलंस हे," ती म्हणाली. 'ओ' गेला, 'साहेब' तर कधी नव्हताच. "सकाळी मी बघितलं. माझा पंजा पुसलास तू."

"काय?"

"डबीवरचा! नारळी पुनवेला मी लावलेला. फडक्यानं घासून घासून पुसलास. आज खंडेनवमी. आजच्या दिवशी मशीनला उघडंबोडकं करतात? मग ते रागावणार नाय तर काय?"

खरं होतं. सकाळी आठला आल्या आल्या मी पहिलं काम केलं ते डबीचे फोटो काढायचं. नवीन माहितीपत्रकासाठी. झाकणावर एक मोठा, ओलसर, लाल डाग होता. प्रदर्शनात लावायच्या फोटोत आपलं यंत्र खून करून आल्यासारखं दिसू नये, म्हणून मी तो स्पिरिटने पुसला. डाग चिवट होता, चांगली दहा मिनिटं गेली.

"आक्का, असं काही नसतं," मी म्हणालो. "पंजाचा आणि व्हॉल्व्हचा काही—"

आणि तिथेच मला आठवलं.

नारळी पौर्णिमा. बंदराचा हंगाम उघडतो तो दिवस. डबी बसवायचं काम मी त्याच दिवशी केलं होतं. कारखान्याच्या मालकांना मुहूर्तावर हवं होतं. आमच्याकडे शेवटचं काम असतं नोंदणी. डबी भिंतीवर पक्की बसली, तारा जोडल्या, की सर्व्हर तिला पहिल्यांदा विचारतो, 'तू कोण?' आणि त्या वेळी ती जे सांगते तेच तिचं नाव, जन्मभर. मी नोंदणीचं बटण दाबणार तेवढ्यात आक्का ताट घेऊन आली होती. "थांबा, आधी हिला नीट आपली करून घेऊ दे." आणि तिने कुंकवात हात बुडवून झाकणावर पंजा उठवला. त्या कारखान्यात असं एकही यंत्र नव्हतं ज्यावर तिचा पंजा नाही. बोट खाल्लेल्या मशीनवरसुद्धा. मी वैतागलो, हसलो, आणि बटण दाबलं.

पंजा उठवल्यानंतर.

ओल्या हाताने झाकणाला शिवलं तरी तारांचे आकडे हलतात, हे मी स्वतः प्रशिक्षणात शिकवायचो. डबीने जन्मल्यावर स्वतःला पहिल्यांदा पाहिलं तेच अंगावर कुंकू घेऊन. दोन महिने ती तशीच ओळख सांगत होती. आणि आज सकाळी मी तिचं तोंड धुतलं होतं.

मी धावलो. शेडच्या कोपऱ्यात आक्काचं पूजेचं ताट तयारच होतं: हळद, कुंकू, झेंडूची फुलं, एक काळपट तांब्या. तांब्यातलं पाणी गढूळ दिसलं, म्हणून मी माझ्या बाटलीतलं स्वच्छ पाणी कुंकवात ओतलं, हात लडबडवला आणि झाकणावर छाप मारला. बटण.

'ओळख पटली नाही. उरलेला प्रयत्न: एक.'

"अरे!" फोनवर मॅडम ओरडल्या. "एकोणतीस! कमी झालं! काय केलंस तू?"

"हात लावला."

"कशाचा?"

"कुंकवाचा."



"परत सांग," मॅडम म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांना पटायला चार सेकंद लागले. त्यासाठी मी त्यांना आजही मानतो. "मग तू सगळं तसंच केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "काहीतरी वेगळं आहे. शोध. आणि ऐक, आता एकदाच."

मी झाकणाकडे पाहिलं. माझा छाप मधोमध होता, सुबक, कडेने सुकायलाही लागला होता. बर्फाच्या पाइपातून काहीच येत नव्हतं. खोकलासुद्धा नाही.

"सरक," आक्का म्हणाली.

ती शेजारी येऊन उभी होती. तिने झाकणाकडे पाहिलं, मग माझ्या लाल हाताकडे. पोराने देवासमोर शेंबूड पुसल्यावर बघावं, तसं.

"हे काय? पाच बोटं?"

"हाताला तेवढीच—"

"तुझ्या हाताला. माझ्या हाताला चार हायत. मशीनला येवढं कळत नसंल?"

तिने पदराने माझा पंजा पुसून काढला. मग ताटातल्या माझ्या कुंकवाचा वास घेतला, चिमटीत चोळलं आणि ते जमिनीवर ओतून टाकलं. शेवटचा प्रयत्न बाकी, आत माणूस गप्प झालेला, आणि ही बाई कुंकू फेकून देत होती.

"आक्का!"

"बाटलीतलं पाणी घेतलंस? गोड्या पाण्यातलं कुंकू दोन दिवसांत सुकून उडतं, मेल्या. आमी टाकीचं घेतो."

तिने कमरेच्या पुडीतलं कोरडं कुंकू ताटात घेतलं आणि तो काळपट तांब्या उचलला. टाकीचं म्हणजे बर्फाच्या टाकीतलं. साचे बुडवून ठेवतात ते खारं पाणी, समुद्राहून कितीतरी खारट, जे खुद्द बर्फ बनवतं पण स्वतः गोठत नाही. मीठ बंदराच्या हवेतली ओल ओढत राहतं. त्या पाण्यातलं कुंकू वाळत नाही. दोन महिन्यांनी माझ्या फडक्याला ते ओलसर का लागलं, ते तेव्हा कळलं. आणि तारांना ते खारं पाणी इतकं का भावलं, तेही. मिठाच्या पाण्यातून वीज चालते हे मी सातवीत पाठ केलं होतं.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं. आवाज माझा नव्हता, कोणा सातवीतल्याचा होता.

"घाईत पंजा उठत नाय."

वारा पडला होता, त्यामुळे गॅस हलेना. शेडखाली तो गुडघ्यापर्यंत आल्यासारखा वाटत होता. खरं तर दिसत काहीच नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. आक्का खोकत खोकत कुंकू कालवत होती. पुरतं होईना म्हणून तिने आणखी एक चिमूट घातली. मग हात बुडवला, एकदा झटकला, आणि झाकणाच्या मधोमध नाही, तर वरच्या डाव्या कोपऱ्याकडे, जरा तिरका, दाबला. मनगटाचा उंचवटा आधी, मग तळवा, मग बोटं एकेक. तर्जनीच्या जागी राखाडी पट्टी तशीच राहिली.

"इथेच होता? नक्की?"

"हात हिताच पोचतो माझा. उंची का वाढली माझी?"

मी बटणावर अंगठा ठेवला. दाबेना. खरंच दाबेना. मला वाटलं, दाबलं नाही तोवर एक प्रयत्न शिल्लक आहे. शिल्लक आहे तोवर चाचा जिवंत आहे. माणूस घाबरला की असा हिशेब करतो, आणि तो हिशेब बरोबर वाटतो.

आक्काने माझा अंगठा धरला आणि दाबला.

फोनवर गोल फिरत राहिलं. मोरखाडीचं नेटवर्क म्हणजे एका माडावरून दुसऱ्या माडावर उडी मारणारा माणूस. फिरलं. फिरलं.

"अकरा," मॅडम पुटपुटल्या. आणि मग किंचाळल्या, "अकरा!"

पोचा आलेल्या टोपाखाली मोटर गुरगुरली. व्हॉल्व्ह बंद व्हायला चाळीस सेकंद लागायचे, हे आकडेवारीत होतं. चाळीस सेकंद किती मोठे असतात, हे नव्हतं. आतला फुस्स आवाज बारीक झाला, शीळ झाला, मग एखाद्या म्हाताऱ्याचा सुस्कारा, आणि मग भरतीचा आवाज ऐकू यायला लागला. तो मघापासून होताच.

ओली पोती अंगावर घेऊन चार जण आत शिरले. हुसेनचाचाला त्यांनी उखडलेलं दार उचलून आणतात तसं आडवं आणलं. ओठ निळे, अंगावर बनियन नाही, दाढीत बर्फ. आक्का त्याच्यावर वाकली आणि तिने त्याच्या गालावर थाप मारली. कुंकवाच्याच हाताने. गालावर चार बोटं उमटली.

त्याने एक डोळा उघडला.

"मला पण मशीन केलंस?" तो म्हणाला.

तेव्हा ती रडली. मी भिंतीआड जाऊन ओकलो.

माझ्या अहवालात मी लिहिलं, 'पृष्ठभागावरील बाह्य घटकातील बदलामुळे ओळख पडताळणीत अडथळा.' मॅडमनी ते खोडून वर लिहिलं, 'कुंकू पुसलं.' आणि खाली आणखी एक ओळ: 'हाताने बंद करायची सोय काढली, ही चूक आपली.' आपली, असं त्यांनी लिहिलं. चाक काढायचं ठरलं त्या बैठकीत कोण काय म्हणालं होतं, ते त्यांना चांगलं आठवत होतं. "हातानेच फिरवता येत असेल तर सुरक्षा कसली?" या वाक्यावर तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. वाजवणारे सात होते, कारण आठवा मी बोलत होतो.

पाच दिवसांनी मी मोरखाडीला परत गेलो. हुसेनचाचा कॉम्प्रेसरशेजारच्या स्टुलावर बसला होता, डोळे अजून लाल. मी कुणाशी फार न बोलता पोलादी टोप काढला, मोटरीच्या आडून दांडा मोकळा केला आणि पिशवीतलं चाक बाहेर काढलं. काळं, ओतीव लोखंडाचं, कडेला हुसेनचाचाच्या तीस वर्षांच्या तळव्याने गुळगुळीत झालेलं. ते माझ्या पुण्याच्या टेबलावर होतं. कागद उडू नयेत म्हणून. त्याच्याखाली माहितीपत्रकाचे कच्चे मसुदे ठेवायचो मी.

बोल्ट आवळत असताना मागून आक्का आली. ताट होतं. तांब्याही.

"सापडलं चाक?" तिने विचारलं.

"हो."

"ऑफिसात व्हतं?"

"हो."

तिने कुंकू कालवलं, हात बुडवला, एकदा झटकला आणि चाकाच्या मधोमध पंजा दाबून धरला. बराच वेळ. मग हात काढून तिने ती चार बोटं नीट निरखली आणि माझ्याकडे बघितलं.

"आता ह्ये कुणी नेलं," ती म्हणाली, "तर मला कळंल."